आईच्या माहेरचे पाहुणे

माझी थोरली बहीण काटेवाडीस दिलेली आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणारे हे गाव राजकारणामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. पण आमच्या घरात त्याची ओळख मेंढ्यांच्या रिंगणाचे गाव अशीच आहे. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीत येते. परीट मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मग धनगर आपली मेंढरे पालखीभोवती सोडतात. एरवी माणसांच्या गर्दीला बिचकणारी ती भित्री जनावरे टाळमृदंगाच्या गजरात पालखीला प्रदक्षिणा घालतात. हे रिंगण पाहायला मी निदान सातआठ वेळा तरी गेलो असेन. मेंढ्या पाहिल्या, वारकरी पाहिले, ताईच्या हातची आमटी-भाकरी खाल्ली आणि पुण्यास परतलो. ह्या मेंढ्या वर्षभर चरतात कोठे, हा प्रश्न कधी मनात आला नाही. त्या चरतात त्या माळावर आणखी कोण राहते, हा तर नाहीच नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. आम्हां लोकांची पक्षिसृष्टी पुस्तकातली. आमच्या कवितेत कोकिळा गाते. गातो तो नर, मादी गात नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तीन-चार वर्षांपूर्वी वर्गात मेघदूताच्या मराठी अनुवादांविषयी बोलत होतो. यक्ष आपल्या विरहिणीला एकाकी चक्रवाकीची उपमा देतो, तो प्रसंग आला. चक्रवाकांची जोडी दिवसभर एकत्र असते आणि रात्री नदीच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन एकमेकांना साद घालीत राहते, हा कविसंकेत मी माझ्या मते फार सुंदर समजावून सांगितला. तास संपला तशी मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, “सर, चक्रवाक आमच्याकडं येतात की. भिगवणला. थंडीत. पण रात्री वेगळेबिगळे होत नाहीत ते. शेजारी शेजारीच असतात.”

मुलगी इंदापूर तालुक्यातली. मी हसून वेळ मारून नेली खरी, पण घरी आल्यावर जेवताना ही गोष्ट सांगितली. चिरंजीव हसले, कन्यारत्न हसले, सौ. तर जरा जास्तच हसल्या. आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, “भिगवणला? म्हणजे आमच्या पाण्यावर?”

‘आमचे पाणी’ ह्या शब्दांचा अर्थ वाचकांना सांगायला हवा. आईचे माहेर जुने पळसदेव. भीमेच्या काठचे गाव. तिचे लग्न 1974 सालचे; त्या वेळी माढा तालुक्यात उजनीजवळ भीमेवर धरण बांधायचे काम चालू होते. 1980 साली धरण पुरे झाले. यशवंतसागर असे त्या जलाशयाचे नाव. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत, माढा अशा तालुक्यांतल्या कितीतरी गावांच्या जमिनी आणि घरे त्या पाण्यात गेली. सोलापूर जिल्ह्याची तहान भागली, उसाचे मळे उभे राहिले, साखर कारखान्यांची धुराडी पेटली. हे सारे खरेच आहे आणि आई ते कधी नाकारीत नाही. मामांना वर नव्या गावठाणात जागा मिळाली. पुढे तेही पुण्यास आले. आई मात्र पुन्हा तिकडे गेली नाही. एस.टी.ने काटेवाडीस ताईकडे जायची, पण सोलापूर रस्त्याने जाऊ या म्हटले की काहीतरी निमित्त सांगायची.

2024 चा उन्हाळा तुम्हांला आठवत असेल. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि उजनी ‘उणे’ गेली होती. हा उणे प्रकार मला दाजींनी समजावून दिला. धरणात एकूण सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातले 63 अब्ज घनफुटांहून अधिक पाणी तळाचे, म्हणजे मृतसाठा. त्याच्या वरचे ते कामाचे पाणी. ते संपले आणि मृतसाठ्याला हात लागला की वर्तमानपत्रात उणे टक्के छापून येतात. एप्रिलअखेर, मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर आम्ही ताईकडे जायचे ठरवले तेव्हा मुलांचा हट्ट होता रोहित पक्षी पाहायचा. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंख असेही म्हणतात. आमच्या चिरंजिवांना दुसरे नाव अधिक पसंत पडले, कारण पहिल्या नावाचा फलंदाज आधीच प्रसिद्ध आहे. आई ह्या खेपेस आपण होऊन म्हणाली, “मीही येते.” का, ते कुणी विचारले नाही.

काटेवाडीहून पहाटे चारला निघालो. भिगवणच्या अलीकडे-पलीकडे जलाशयाच्या काठाने जी गावे आहेत, त्यांत कुंभारगाव पक्ष्यांसाठी विशेष नावाजलेले. काठावर होड्या लावलेल्या. होडीवाले सारे मच्छीमार. ह्यांच्यातल्या काहींचे वाडवडील धरणाआधी इथलेच शेतकरी होते, काही मासेमारीसाठी बाहेरून आलेले. पूर्वी रात्री जाळे टाकायचे आणि पहाटे मासळी भिगवणच्या बाजारात न्यायची, एवढाच त्यांचा उद्योग. पुढे पुण्यामुंबईचे हौशी लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून येऊ लागले, ‘जरा आत नेता का’ म्हणून विचारू लागले, आणि जाळ्याच्या जोडीला हा दुसरा धंदा उभा राहिला. आता त्यांच्यातली तरुण पोरे पक्ष्यांची इंग्रजी नावे घडाघडा सांगतात, सलीम अलींचे पुस्तक बाळगतात, आणि घरातल्या बायका पाहुण्यांना मासळीचे नाहीतर पिठल्याचे जेवण करून घालतात. सलीम अलींचे ते मूळ इंग्रजी पुस्तक 1941 सालचे. ते लिहिताना त्यांना हा वाचकवर्ग डोळ्यांसमोर असेल असे वाटत नाही, पण लेखकाला ह्याहून चांगला वाचक मिळायचा नाही.

आमचा होडीवाला पंचविशीतला असेल. आईला हात देऊन बसवताना म्हणाला, “आजी, मधोमध बसा. आन् हालू नगा. कुनी बी उभं ऱ्हायचं न्हाई, मोठ्यानं बोलायचं न्हाई, आन् कुनाच्या अंगावर भडक रंग न्हाई न्हवं?” आमच्या सौ.नी नेमकी लाल ओढणी घेतली होती. ती मुकाट्याने पिशवीत गेली.

काठापासून दूर गेल्यावर त्याने यंत्र बंद केले आणि बांबूने होडी रेटू लागला. उजाडत होते. समोर उथळ पाण्यात एक लांबच लांब पांढुरकी रेघ होती. मला ती वाळूची पट्टी वाटली. मग ती पट्टी हलली.

किती असतील? होडीवाला म्हणाला, हजाराच्या आसपास. मला मोजता येईना. चार-साडेचार फूट उंच पक्षी, गुलाबी काटकुळे पाय, नागमोडी मान. सगळे एकाच वेळी माना खाली घालून पाणी चिवडीत पुढे चाललेले, एखाद्या गावाची भातलावणी चालावी तसे. रोहिताची चोच मध्येच मोडल्यासारखी वाकलेली असते, त्याचे कारण तो खातो उलटे डोके करून. चोचीची वरची बाजू पाण्यात खाली येते. जीभ भात्यासारखी मागेपुढे करून तो चिखलपाणी आत ओढतो आणि चोचीच्या काठच्या बारीक दातऱ्यांतून बाहेर टाकतो. मागे राहतात ते शेवाळाचे कण आणि बारीकसारीक किडे. म्हणजे घरची चाळणीच. त्याच्या अंगावरचा गुलाबी रंगही ह्या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मते ते करड्या रंगाचे. आणि जन्मते ते इथे नव्हे, कच्छच्या रणात. तिथे चिखलाचे बुटके बुरूज रचून त्यावर जोडीमागे एकेक अंडे, अशी त्यांची हजारोंची नगरी वसते. सलीम अली तिच्या शोधात 1940 च्या दशकात रणातून उंटावरून हिंडले होते.

आमच्या पलीकडे आणखी एक होडी होती. तिच्यातल्या मंडळींपाशी हातभर लांबीची कॅमेऱ्याची नळकांडी होती. त्यांचा होडीवाला थांबला तसा त्यांच्यातला एक जण ओरडला, “अरे, उडव ना त्यांना! पंख उघडल्याशिवाय फोटोत मजा नाही.” रोहित पंख उघडतो तेव्हा आतला लालभडक आणि काळा रंग दिसतो हे खरे, त्याशिवाय का अग्निपंख म्हणतात! त्यांचा होडीवाला घुटमळला आणि मग यंत्र सुरू करून सरळ थव्यावर होडी घातली. हजार पक्षी पाण्यावरून धावत धावत उठले. आमची मुले ‘आहा’ म्हणाली. मीही म्हणालो असेन. आमचा होडीवाला बांबू टेकून उभा राहिला. “एकदा उठलं की पोटभर खायाचं ऱ्हातं,” तो म्हणाला. “दिसातनं धा येळा उठवलं तर ह्ये काय हितं ऱ्हातील व्हय? पन त्यालाबी बक्षिसी पायजे. त्याची पोरगी शाळंत हाय.”

ह्या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. पाहुणा आला नाही तर होडीवाल्याला पक्ष्यांशी कर्तव्य नाही, आणि पाहुणा असा आला तर पक्षी राहायचे नाहीत. आमच्या होडीवाल्याला मी परत आल्यावर ठरल्याहून थोडे अधिक पैसे देऊ केले. त्याने ते घेतले, आणि म्हणाला, “सर, म्होरल्या खेपेला येनाऱ्यांनाबी सांगा, उडव म्हनू नका म्हनून.” सांगितले. म्हणूनच हे लिहितो आहे.

चक्रवाकांचे मी विचारले. तो म्हणाला, “उशीर केला की. मार्चातच ग्येले त्ये. लडाखला.” इतकी वर्षे वर्गात शिकवलेला पक्षी महिन्याभराच्या फरकाने चुकला.

आई होडीत एक शब्द बोलली नव्हती. आता तिने त्याला विचारले, “हे पक्षी आधी होते का रे? धरणाच्या आधी?”

“न्हवते आजी. माझा आजा सांगायचा, नदीला वाळू हुती, कलिंगडं व्हायची. ह्ये सगळं पान्यासंगं आलं.”

“आणि पाणी उतरले की येतात?”

“व्हय. पानी काठोकाठ असलं की ह्यास्नी उभं ऱ्हायला उथळ जागा गावत न्हाई. पानी उतरतं, गाळ उघडा पडतो, मग येत्यात. ह्या साली लई हायेत.”

म्हणजे, ज्या वर्षी पाणी फार उतरते त्या वर्षी रोहित सुखात असतात; आणि त्याच वर्षी बुडालेली गावे वर येतात. आईच्या हे आधीच ध्यानात आले असावे.

सोलापूर रस्त्याने आम्ही पळसदेवास गेलो. जुन्या गावचे पळसनाथाचे हेमाडपंती देऊळ एरवी पाण्यात असते. फार तर शिखर दिसते. त्या साली ते पुरते उघडे पडले होते. भेगाळलेल्या गाळातून लोकांच्या पायांनी वाट पडली होती. आईने चप्पल काढली. मी म्हटले, “अगं, शिंपले टोचतील.” तिने लक्ष दिले नाही. देवळाच्या दगडांवर वाळलेले शेवाळ होते, कोनाड्यात शिंपल्यांचा थर होता. नमस्कार करून ती बाहेर आली आणि पुण्याच्या घरात खोलीतून खोलीत जावे तशी चालू लागली. ही चावडी. हा पार. इथून उजवीकडे. मग एका जोत्यापाशी थांबली. जोते म्हणजे काय, चार ओळी दगड. तिने ते पायांनी मोजले, आणि म्हणाली, “चूल इथे.” माझ्या मुलीने तिचा हात धरला. पाण्याच्या कडेला, हाकेच्या अंतरावर, लांबसडक लाल पायांचे शेकाटे चिखलात चोची खुपशीत हिंडत होते. त्यांच्यापलीकडे सात-आठ रोहित. आई त्यांच्याकडे पाहत म्हणाली, “हे आमचे खळे.” एवढेच. डोळ्यांना पदर लावला वगैरे काही नाही. उन्हे चढली तशी परत फिरलो.

जाताना इंदापूरला थांबलो ते तिच्याच आग्रहाने. लहानपणी वडिलांबरोबर कचेरीच्या कामाला आलेली तिला आठवत होती. तिथे तहसील कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवर चित्रबलाकांची वसाहत आहे. पिवळी चोच, केशरी डोके, शेपटीकडे गुलाबी छटा, असा हा रंगीत करकोचा. सातबाऱ्याचा उतारा हातात धरून उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावर बिनदिक्कत संसार करतो. खाली उभ्या असलेल्यांच्या टोप्यांवर त्याच्या संसाराच्या खुणा पडतात आणि त्याबद्दल कुणी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही. अशीच त्यांची दुसरी वसाहत भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावात आहे. अशा वसाहतीला मारुती चितमपल्लींनी ‘सारंगागार’ असा देखणा शब्द दिला. सोलापूरचा हा माणूस वनखात्यात नोकरी करता करता आदिवासींकडून, पारध्यांकडून शब्द गोळा करीत राहिला आणि मराठीला एक सबंध रान देऊन गेला. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर; ह्या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने 2020 पासून पक्षी सप्ताह ठरवला आहे. बहुतेक वर्षी तो दिवाळीच्या पुढेमागेच येतो. फटाक्यांनी भ्यालेल्या पाखरांना ही भाऊबीज म्हणायची.

आता माळाची गोष्ट. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, तरी सांगतो.

त्याच साली, 2024 मध्ये, पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली. वाघ नाही, हत्ती नाही, झाडही नाही, आणि सफारी! पण दाजींनी घरबसल्या नोंदणी करून टाकली आणि जानेवारी 2025 मध्ये आम्ही पुन्हा काटेवाडीस गेलो. आईला येतेस का विचारले. तिने विचारले, “देऊळ दिसते का आता?” आदल्या पावसाळ्यात धरण भरले होते. नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग तुम्ही जाऊन या.”

कडबनवाडीला पोचलो तेव्हा दात वाजत होते. वाटाड्या गावातलाच तरुण. त्याने गाडीत बसण्याआधी दोन गोष्टी बजावल्या: खाली उतरायचे नाही, आणि लांडगा दिसलाच पाहिजे असे म्हणायचे नाही. पहिला अर्धा तास मला काहीच दिसले नाही. पिवळे गवत, मधूनच बोर, हिवर, तरवड. मग त्या पोराने बोट दाखवले आणि जिथे दगड होते तिथे चिंकारे उभे राहिले. पाच. नरमादी दोघांनाही शिंगे, मादीची आखूड. ह्या हरणाला पाणी फारसे लागत नाही, पाल्यातल्या ओलीवर त्याचे भागते; म्हणून ते ह्या अवर्षणाच्या मुलखाचे. भ्याले की शिंकल्यासारखा आवाज काढते. ‘चिंकारा’ ह्या शब्दात ती शिंकच असावी असा माझा तर्क आहे. भाषाशास्त्रज्ञांनी तो मनावर घेऊ नये. ह्याच हरणासाठी सुप्याजवळ 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. मोरगावचा मयूरेश्वर जवळच, म्हणून ते नाव. क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरांच्या थोडे वर. म्हणजे आमच्या पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढेही नाही.

हळूहळू डोळा बसत गेला. आभाळात चंडोल. जमिनीवर धाविक, जो उघड्या रानात दगडांमध्येच अंडी घालतो. पखुर्ड्यांची जोडी, ढेकळांच्या रंगाची. गवतावरून दोन हात उंचीने तरंगत जाणारा भोवत्या ससाणा. हे मध्य आशियातून येतात, दिवसभर नाकतोडे खातात आणि रात्री दहा-वीस जण गवतात जमिनीवरच झोपतात. वाटाडा म्हणाला, “सर, ह्ये गवत हाय म्हनून ह्ये सगळं हाय. मागं लोकं यायची, खड्डं घ्यायची, उंदीरमारीची रोपं लावायची, फोटू काढायची आन् जायची. झाड वाढलं की खाली गवत मरतं. मग चिंकारा जातो, धाविक जातो. आन् लांडग्याला बीळ करायला उघडी जागा लागती.”

मी गप्प राहिलो. आठ वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. असाच एक ‘ओसाड’ माळ आम्हांला मिळाला होता. दोनशे मुलांनी सात दिवस श्रमदान करून त्यावर उंदीरमारीची हजारभर रोपे लावली. समारोपात मी भाषण केले, त्यात ‘ह्या उजाड माळाला आपण हिरवे केले’ असे वाक्य होते. टाळ्या पडल्या होत्या. आपल्या भाषेतच घोटाळा आहे. माळ म्हटला की उजाड, ओसाड, पडीक, भकास, ही विशेषणे हात जोडून पुढे येतात. महसुली कागदातही तो पडीकच. मुले पुढे किती वर्षे त्या श्रमदानाचे अभिमानाने सांगत होती. त्यांना आता पत्र पाठवून ‘चुकले’ म्हणून कळवावे काय, ह्याचा मी अजून निर्णय केलेला नाही. माळढोकाचे उदाहरण आपल्यापुढे आहे. त्याच्यासाठी 1979 साली नगर-सोलापूरकडे केवढे मोठे अभयारण्य केले. आज त्या अभयारण्यात माळढोक नावापुरता उरला आहे. माणसाएवढ्या वजनाचे झाड तोडले तर आपण मोर्चा काढतो, पण गवत गेले तर कुणाला कळतही नाही.

परतीच्या वाटेवर वाटाड्याने एकदम गाडी थांबवली. उजवीकडे दोनेकशे पावलांवर बांधाच्या कडेला एक जनावर उभे होते. करडे-पिवळे, लांब पाय, पोट आत गेलेले. आमच्याकडे पाहिले, तोंड फिरवले, आणि घाई न करता चालू लागले. चिरंजीव कुजबुजले, “हा तर कुत्रा!” वाटाड्या हसला. “शेपूट बग त्याचं. खाली हाय. आन् चाल बग.” चाल खरोखरच निराळी होती. कुत्र्याला कुठेतरी जायचे असते असे वाटत नाही, ह्याला होते. लांडगा गवतात शिरला आणि गवताने तो मिटवून टाकला.

पुढच्या वळणावर वाडा होता. धनगरीण दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. जाळीच्या कुंपणात मेंढ्यांची कोकरे. वाटाड्याने तिला लांडगा दिसल्याचे सांगितले. ती म्हणाली, “रातच्यालाच येऊन ग्येला. कोकरू न्हेलं.” आमच्या सौ. कळवळल्या. “मग तुम्ही काय करता?”

“काय करनार, बाय? कुत्री हायती, जागतो. वरसाला दोन-चार न्हेतोच. त्येलाबी पिल्लं हायती.” मग भाकरी उलटून म्हणाली, “त्याच्यापरीस ही मोकाट गावकुत्री वंगाळ. धा-धा मिळून येत्यात, न्हेत न्हाईत, नुसती फाडून टाकत्यात. आन् कारखान्याचा ऊस हितवर आला, आता चारायचं कुटं?”

नुकसानभरपाई मिळते, पण कागदपत्रे लागतात, पंचनामा लागतो आणि वाडा तोवर दोन मुक्काम पुढे गेलेला असतो, असे वाटाड्याने सांगितले. मोकाट कुत्र्यांचे तिचे म्हणणे बरोबर होते. त्यांचे रोग लांडग्यांना लागतात, त्यांच्याशी संकर होतो, आणि कचऱ्याचे ढीग आहेत तोवर ती वाढतच जाणार. लांडग्याला 1972 च्या कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे. वाघाच्या वाट्याला जंगल तरी आहे; लांडगा ह्या धनगरांच्या आणि आपल्या मधल्या पट्टीत राहतो. सफारीचे शुल्क देताना मला ते थोडे जास्त वाटले होते. त्यातून त्या पोराला गावातच काम मिळते, आणि त्याला काम आहे तोवर माळावर नांगर फिरू नये असे वाटणारा निदान एक माणूस गावात आहे, एवढे कळल्यावर वाटेनासे झाले. मात्र ज्या बाईचे कोकरू गेले तिच्या चुलीपर्यंत त्यातले काही पोचते का, ते त्या पोराला विचारायला हवे होते. सुचले नाही.

आषाढात काटेवाडीला पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्यांत ह्याच वाड्यावरच्या मेंढ्या असतात का, हे मी धनगरिणीला विचारले. ती म्हणाली, “आमच्या न्हाईत. पावण्यांच्या असत्यात.”

दुसऱ्या दिवशी कुंभारगावला गेलो. तोच होडीवाला. पाणी काठोकाठ, रोहित अजून आले नव्हते. पण पलीकडच्या काठाला राजहंस होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले; तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात ते. मेघदूतातले, मानसाच्या ओढीने कैलासापर्यंत मेघाची सोबत करणारे राजहंस हेच असावेत असे काही जण म्हणतात. मध्येच डोक्यावर कुरवांचा कलकलाट. कुठल्याशा होडीतले पाहुणे त्यांना फरसाण टाकीत होते. आमच्या होडीवाल्याने हात जोडून नको म्हटले, त्यांनी थोडे हसून टाकणे चालूच ठेवले. तळाशी हिरवट पाणी होते. त्याला वास होता. “पुण्याचं पानी,” तो म्हणाला. “तुमच्याकडनं येतं सगळं.” पूर्वी इथे रोहू-कटला निघायची, आता जाळ्यात चिलापीच जास्त. आम्ही पुण्याचे लोक शंभर किलोमीटर गाडी हाकून आपलेच सांडपाणी पाहायला आलो होतो.

आणि चक्रवाक! बांबूने होडी रेटता रेटता तो थांबला. एका चिखलाच्या बेटावर नारिंगी-तपकिरी रंगाचे दोन पक्षी, डोके फिकट, बदकाहून मोठे, एकमेकांना खेटून. ‘आँग्, आँग्’ असा नाकातला आवाज. तो आवाज विरहगीताचा वगैरे मुळीच नव्हता. वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंनी नळावर बोलावे तसा होता. मी दुर्बीण डोळ्यांना लावून किती वेळ बसलो कोण जाणे. त्या मुलीला संदेश पाठवला: पाहिले. तिचे उत्तर आले: “रात्री थांबा सर, मग खात्री पटेल.”

काठावर आल्यावर आईला फोन लावला. लांडग्याचे सांगितले, चक्रवाकाचे सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “पाणी कुठवर आहे?”

“काठोकाठ.”

“बरे झाले. ह्या साली लोकांचे हाल व्हायचे नाहीत.” आणि मग, “ताईला सांग, माझ्यासाठी हुरडा पाठव म्हणून.”